सोसायटीशेजारचं छोटं तळं हिरवं पडलंय, वास मारतं. फवारा बसवला तर फरक पडेल का? कुठला घ्यावा?

फवाऱ्याचं नाव वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही ठाण्यात राहतो, सोसायटीच्या मागेच तळं आहे, त्यात फवारा बसवून चार वर्षं झाली आणि त्यात माझ्या मेंटेनन्सचे पैसेही गेलेत, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

आमचे तेव्हाचे सेक्रेटरी काका रिटायर्ड इंजिनिअर, पण पुलांचे. त्यांचं म्हणणं, पाणी साचून राहिलंय म्हणून हिरवं झालंय, हलतं ठेवलं की निवळेल. मी म्हणत होते की काका, यात जे येतंय त्याने हिरवं होतंय, साबण आणि सांडपाणी म्हणजे शेवाळाला खतच. मीटिंगमध्ये मला सांगण्यात आलं की मॅडम, हा टेक्निकल विषय आहे. झालं, तीन लाखांचा फवारा आला, खाली रंगीत दिवे, संध्याकाळी सात ते दहा चालू, पोरं फोटो काढतात, आणि दहानंतर वीजबिल नको म्हणून बंद.

इथेच तर सगळी माती खाल्ली. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच ओढतं, तळाचा गाळ कुजताना ओढतो तो वेगळा, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या आधी. आणि नेमका तेव्हा आमचा फवारा झोपलेला. मी माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून थेंब टाकून बघायचं किट आणलं. दुपारी तीनला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, पहाटे साडेपाचला जेमतेम २. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या निकषात माशांसाठी किमान ४ धरलेत. वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, सहा अंगठे आले, विषय संपला.

मग जूनचा पहिला पाऊस. रात्री तासभरच पडला असेल. सकाळी दुधाला गेले तर सगळ्या चिलापी कडेला, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळतायत, आणि नऊ वाजेपर्यंत निम्म्या उलट्या, पांढरी पोटं वर. चिलापी म्हणजे चिवट जात, गटारात टाकली तरी जगेल, ती मेली म्हणजे बघा. वॉचमनने तीन पोती भरून उचलली, आठवडाभर खिडक्या उघडता येत नव्हत्या. काका म्हणाले, लोक पाव टाकतात ना, त्याने मेले. अहो, पाव लोक बाराही महिने टाकतात! पहिल्या पावसाला गटारात आठ महिने साठलेला राडा, रस्त्यावरचं तेल, कुत्र्यांची घाण सगळं एकदम आत येतं, वर खालचा गाळ ढवळतो, होता नव्हता तो ऑक्सिजन संपतो.

तुम्ही फवाऱ्याचे कोटेशन मागवण्याआधी एक करा. फेब्रुवारीत, पाऊस गेल्याला चार महिने झाले की, तळ्यात येणाऱ्या पावसाळी गटाराच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. तिथे पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही, एवढं कळायला पूल बांधावे लागत नाहीत. आमच्या पाइपच्या तोंडाशी राखाडी बुळबुळीत थर होता, वाऱ्यावर हलणाऱ्या झिरमिळ्यांसारखा पाण्यात हलायचा, आणि वास सरळ कपडे धुण्याच्या साबणाचा. काकांच्या मते तो झरा.

मग मी जिलबीत घालतात तो केशरी खायचा रंग आणला. बादलीत कालवायचा, संशय असेल तिथे ओतायचा, आणि एक माणूस तळ्याकडे पाइपापाशी. नमुना दाखवायचा म्हणून सुरुवात माझ्याच घरापासून केली, काकांना मुद्दाम खाली उभं केलं. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या जाळीत बादली ओतली. बारा मिनिटांनी फोन. "आलं हो मॅडम, केशरी आलं."

तर हो, माझंच मशीन. जुन्या बिल्डिंगांमध्ये बाल्कनीतली जाळी पावसाच्या पाइपला जोडलेली असते, आपण नंतर तिथे मशीन ठेवतो आणि विसरतो. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण मुद्दा माझाच बरोबर निघाला ना.

गणपतीवर खापर फोडणारेही भेटतील. विसर्जन वर्षातून दोन-चार दिवस, आणि इथे तर कृत्रिम तलाव कधीचे झालेत. मशीन रोज चालतं. बॅक्टेरियाची पावडर विकणारे येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा, आत येणारं थांबलं नाही तर पावडर दर महिन्याला विकत घ्याल. कडेने सिमेंटची भिंत अजिबात बांधू देऊ नका. पाणी आत येतं तिथे गाळ बसायला एक खड्डा आणि जाळी, मे अखेरीस दोन्ही साफ, आणि पुढे पाणकणीस, कर्दळ लावा. बंगळुरूच्या जक्कूर तळ्यात प्रक्रिया केलेलं सांडपाणीसुद्धा आधी अशा पाणवनस्पतींमधूनच सोडतात. फक्त ती दरवर्षी कापून बाहेर न्यायची, तिथेच कुजली तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात.

फवारा अगदीच वाया जातो असंही नाही म्हणणार. घ्यायचाच तर दिखाऊ नको, तळातून बुडबुडे सोडणारा घ्या आणि मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत चालवा, उन्हाळ्यात मासे तरी वाचतील. किंमत, हॉर्सपॉवर वगैरे तळ्याची खोली मोजल्याशिवाय कोणी सांगत असेल तर ऐकू नका, मीही सांगणार नाही.

माझा पाइप प्लंबरने २,८०० रुपयांत सांडपाण्याच्या लाइनला जोडून दिला. बी विंगमधले अकरा सापडले, त्यातले चार झाले. काकांच्या घरी बादली ओतायची अजून राहिलीय, प्लंबर यायचा म्हटलं की ते नेमके गावाला गेलेले असतात.