घरी अखंड बोलणारी मुलगी व्यासपीठावर गप्प का होते?

"घरी हिचं तोंड मिटत नाही आणि स्टेजवर उभी राहिली की वाचाच बसते. काय करावं?" ही काळजी घेऊन वरळी कोळीवाड्यातील एक आई नववीतल्या मुलीसह माझ्याकडे आली. वक्तृत्व स्पर्धेसाठी मोठ्यांनी लिहून दिलेले पर्यावरणावरील भाषण मुलीने तोंडपाठ केले होते. मध्येच एक शब्द आठवेना, तशी ती रडत खाली उतरली. घड्यांवर फाटत आलेला तो कागद अजून तिच्या दप्तरात होता.

भीती होतीच. अशा वेळी शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास उथळ होतो आणि वाक्याचा शेवट ओठांतच विरतो. मुरलेल्या वक्त्यांनाही हे चुकत नाही. पण तिचे घोडे पाठांतरापाशी अडले होते, कारण शब्दाला शब्द जोडून पाठ केलेल्या मजकुरातला एक दुवा निसटला की पुढचे काहीच हाती लागत नाही.

मी कागद बाजूला ठेवला आणि ताजे पापलेट कसे ओळखायचे, ते विचारले. "कल्ले लाल हवेत, डोळा गढूळ नको, आणि बोटाने असं दाबलं की मांस परत वर यायला हवं," टेबलावर बोट दाबून दाखवत ती माझ्या डोळ्यांत पाहून बोलत राहिली. "हे कोणी लिहून दिलं होतं?" असे विचारताच ती हसली.

नवा विषय तिनेच निवडला: पावसाळ्यातील मासेमारीबंदी. चिठ्ठीवर तीनच शब्द लिहिले: अंडी, बंदी, घर. बोलण्याआधी श्वास सावकाश सोडायचा आणि एक वाक्य एकाच चेहऱ्याकडे पाहून पूर्ण करायचे, एवढाच सराव आधी आजीपुढे, मग दोन मैत्रिणींपुढे झाला. बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करू नका, असे मी आईला बजावले होते आणि तेच त्यांना सर्वांत जड गेले. या एका गोष्टीबाबत मी कोणत्याही पालकाला सूट देत नाही.

पाच आठवड्यांनी ती वर्गापुढे बोलली. माशांच्या विणीचा काळ म्हणून १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, हे सांगून ती अडली. तिने घोटभर पाणी प्यायले, चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "आता त्या ६१ दिवसांत आमच्या घरी काय होतं, ते सांगते."