वाचकांचे प्रश्न: निबंध एआयचा, अभ्यास कोणाचा?

प्रश्न: मी इंदूरच्या एका शाळेत आठवीला इतिहास शिकवते. अहिल्याबाई होळकरांवरचे निबंध मुले एआयकडून लिहून आणतात आणि त्यांपैकी काहींत राजधानी महेश्वरऐवजी इंदूर असते. बंदी घालावी का?
– एक शिक्षिका

उत्तर: सरसकट बंदी घालू नये, कारण घरी मुले ते वापरणारच. ही यंत्रणा पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य रचते. त्यामुळे चुकीचा मजकूरही ती तितक्याच ठामपणे लिहिते. तोच सदोष निबंध फळ्यावर घ्यावा आणि राजधानी, 1767 ते 1795 ही कारकीर्द, घाटांचे उल्लेख असा एकेक तपशील मुलांकडून ग्रंथालयातील पुस्तकांशी ताडून घ्यावा; इतिहासाचा याहून चांगला तास मला तरी सुचत नाही. नंतर प्रत्येकाने दोन मिनिटे तोंडी सांगावे, म्हणजे कोणाला किती समजले ते लगेच कळेल. एआय ओळखून देणाऱ्या साधनांच्या भरवशावर मात्र कोणालाही दोषी ठरवू नये; चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून 2023 मध्ये मागे घेतले. वर्गातील वापरासाठी युनेस्कोने किमान 13 वर्षे वय सुचवले आहे, तेव्हा त्याहून लहान मुलांसमोर वापर शिक्षकांनीच करावा आणि कोणाही विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा गुण त्यात भरू नयेत.