वहीतल्या किमती आणि निवृत्तीचा पैसा

वाचकाचा प्रश्न: मी ४७ वर्षांचा आहे. गेली अकरा वर्षं क्लासिक गाड्यांचे लिलाव बघतो. जानेवारीत अमेरिकेतलं स्कॉट्सडेल, फेब्रुवारीत पॅरिस, ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे. रात्र जागून बोली ऐकतो आणि आवडलेल्या प्रत्येक गाडीची किंमत वहीत टिपून ठेवतो. माझ्या नोंदींप्रमाणे मर्सिडीजची आर१०७ मालिकेतली एसएल, म्हणजे दोन आसनांची उघड्या टपाची गाडी, या काळात दीडपट झाली आहे. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशातले ४० टक्के काढून, वर थोडं कर्ज घेऊन लिलावात याच मालिकेतली १९८२ ची ३८० एसएल घ्यावी आणि साठीला विकावी, असा विचार आहे. पत्नी म्हणते, हौस म्हणून घ्यायची तर घ्या, तिला गुंतवणूक म्हणू नका. तुमचं मत काय?

उत्तर: माझं मत तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे, आणि ते आधीच सांगून टाकते. निवृत्तीच्या पैशाला हात लावू नका. कर्ज तर मुळीच नको. गाडी मात्र घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. अकरा वर्षं एखादी गोष्ट मनापासून बघणाऱ्या माणसाला ‘विसरून जा’ सांगणं हा सल्ला नव्हे. फक्त ती कुठल्या पैशातून घ्यायची आणि कधी घ्यायची, हे बदलायला हवं.

सुरुवात तुमच्या वहीपासूनच करू, कारण तुमचा सगळा विश्वास तिच्यावर आहे. दीडपट ऐकायला छान वाटतं. अकरा वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला पावणेचार टक्के. तेही गाडीच्या किमतीचे. गाडीच्या मालकाला किती मिळाले, हे त्या आकड्यात कुठेच नाही. एक सोपा हिशोब मांडते, गृहीतकं माझी आहेत. गाडीवर हातोडा १०० ला पडला, म्हणजे शेवटची बोली १०० ची. त्यावर खरेदीदाराचं कमिशन १२. गाडी घरी आणणं, कागदपत्रं, नोंदणी यांचे ५. परदेशातून आणायची असेल तर आयात शुल्क वेगळं, ते मी इथे धरतही नाही. विमा, जागा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांचे वर्षाला ४ धरले तर अकरा वर्षांचे ४४. एकूण खर्च झाला १६१. आता ती १५० ला विकली गेली आणि लिलावगृहाने विक्रेत्याकडून ८ टक्के घेतले, तर हातात आले १३८. तुमच्या वहीत ही गाडी ‘दीडपट’ म्हणून शोभून दिसेल. मालकाच्या खिशातून मात्र २३ गेलेले असतील, आणि त्यात मोठं काम एकदाही निघालं नाही असं मी धरलं आहे.

वहीतली दुसरी उणीव यापेक्षाही मोठी आहे. तुम्ही आवडलेल्या गाड्यांच्या किमती टिपता. ज्या विकल्या गेल्या नाहीत, त्यांचं काय? राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विक्रेत्याने आधी ठरवलेल्या किमान किमतीपर्यंत, बोली पोचली नाही की गाडी तशीच मागे जाते आणि निवेदक पुढच्या गाडीकडे वळतो. राखीव किमतीच्या खाली असताना विक्रेत्याच्या वतीने बोली पुढे नेण्याची मुभा बहुतेक लिलावगृहांच्या नियमांत असते. म्हणजे रात्री दोन वाजता पडद्यावर चढत जाणारा प्रत्येक आकडा हा कुणीतरी खिशात हात घातल्याचा पुरावा नसतो. ऑगस्ट २०१९ मधली मॉन्टेरेची ती रात्र तुम्ही नक्की पाहिली असेल. १९३९ ची पोर्शे टाइप ६४ मंचावर होती. बोली १.३ कोटी डॉलरला सुरू झाली, पडद्यावर मात्र ३ कोटी उमटले आणि आकडा ७ कोटींपर्यंत चढत गेला. सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग खुलासा झाला की खरी बोली १.७ कोटींची आहे. गाडी त्या रात्री विकलीच गेली नाही. इतका गोंधळ क्वचित होतो, हे मान्य. पण सभागृहातला उत्साह आणि झालेला व्यवहार यांत केवढं अंतर असू शकतं, हे त्या रात्री उघड दिसलं.

आणि हेडलाइनमधल्या गाड्या तुमच्या हिशोबात आणू नका. मे २०२२ मध्ये श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३.५ कोटी युरोला गेली. जगात अशा दोनच गाड्या आहेत आणि त्या लिलावाला निवडक संग्राहकांनाच बोलावलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू यॉर्कला १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ५.१७ कोटी डॉलरला गेली. लिलावात विकल्या गेलेल्या फेरारींमधली ती तोवरची सर्वांत महाग, तरीही आधी अपेक्षा ६ कोटींच्या वरची होती. जीटीओ बनल्या जेमतेम तीन डझन. तुमची आर१०७ मात्र १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षं बनत होती, सुमारे २,३७,००० गाड्या. ती सुंदर आहे, दणकट आहे, रोज चालवावी अशी आहे. दुर्मिळ नाही. उत्तम अवस्थेतली आर१०७ दुर्मिळ आहे, आणि त्या अवस्थेची किंमत विकणारा मालक आधीच लावून बसलेला असतो.

एक बारीक गोष्ट तपासा. ‘३०० एसएल’ हे नाव १९५४ च्या गलविंगचंही (पंखांसारखी वर उघडणारी दारं असलेली मर्सिडीज) आहे आणि १९८५ नंतरच्या एका आर१०७ चंही. गलविंग बनल्या १,४००. दोन्ही नोंदी एका रकान्यात पडल्या असतील तर तुमची सरासरी पार हुकलेली असणार.

आता तुमची १९८२ ची ३८० एसएल. मी मेकॅनिक नाही, पण माझ्या एका अशिलाने हीच गाडी घेतली होती आणि तिच्या बिलांची फाइल माझ्या टेबलावर कित्येक महिने होती, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते. अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या १९८१ ते १९८३ च्या ३८० एसएलमध्ये टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल सांभाळणारी इंजिनातली साखळी, एकेरी होती. ती ताणते, आणि घसरली किंवा तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन जातं. म्हणून जाणकार पहिला प्रश्न हाच विचारतात: दुहेरी चेन बसवली आहे का, आणि त्याचं बिल आहे का? माझ्या अशिलाने विचारलं नव्हतं. कॅटलॉगमधला फोटो इतका देखणा होता की विचारावंसं वाटलं नाही, असं ते मला म्हणाले. चेनचं काम पहिल्याच वर्षी निघालं. दुसऱ्या वर्षी डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं लागू लागलं. वायपरखालच्या हवेच्या झरोक्यात पाणी साचून आतला पत्रा गंजला होता. या मालिकेचं हे ठरलेलं दुखणं आहे, आणि तिथवर पोचायला अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पत्र्याचं काम थोडं, उघडण्या-जोडण्याची मजुरीच जास्त. दोन्ही बिलं मिळून खरेदी किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली. फोटोत यातलं काहीच दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं.

लिलावातली गाडी बहुतेक वेळा ‘आहे तशी’ विकली जाते. चालवून बघता येत नाही. आदल्या दिवशी प्रदर्शनात फार तर बॉनेट उघडून घेता येतं, खाली वाकून सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) बघता येते, मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावर फिरवून कुठे नुसती पुट्टी भरली आहे ते कळतं; तेही आधी परवानगी घेऊन. तुम्ही अकरा वर्षं पडद्यावर बघत आहात. पत्रातून असं वाटलं की या मालिकेच्या गाडीत तुम्ही अजून बसलेला नाही आहात. तसं असेल तर निवृत्तीचे पैसे सोडा, कुठलेच पैसे आज तिच्यात घालू नका.

तरीही किंमत वाढेलच, असं तुम्ही म्हणाल. कदाचित वाढेल. या बाजाराचा इतिहास मात्र उभ्या चढाचा नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले आणि आधीच तापलेला बाजार वेडावला. गाडी न बघता, कर्ज काढून, केवळ सहा महिन्यांत विकायच्या हिशोबाने लोक फेरारी घेत होते. १९९० नंतर व्याजदर आणि मंदी यांच्या कात्रीत सापडून हा डोलारा कोसळला. कित्येक मॉडेलं निम्म्याच्याही खाली आली आणि आधीची किंमत पुन्हा दिसायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. अलीकडेही २०२२ चा मॉन्टेरे आठवडा विक्रमी ठरला आणि पुढच्याच वर्षी एकूण विक्री घटली. मला भीती किमतीच्या घसरणीपेक्षा तिच्या वेळेची वाटते. मंदीत नोकऱ्या डळमळतात, शेअर बाजार पडतो आणि नेमके तेव्हाच हौशी गिऱ्हाईक गायब होतात. म्हणजे तुम्हाला पैशाची खरी गरज पडेल तेव्हाच ही गाडी विकायला सगळ्यात अवघड असेल. फंडातून थोडे पैसे काढता येतात. गाडीचं नुसतं दार विकता येत नाही.

पिढीचाही प्रश्न आहे. लोक पोरवयात ज्या गाडीकडे मान वळवून बघत होते, ती गाडी हातात पैसा आल्यावर घेतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी गाड्यांची मागणी याच कारणाने ओसरली, त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं कमी झाली. तुम्ही साठीला विकायला काढाल तेव्हा समोरचा खरेदीदार तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असेल. त्याच्या मनातली गाडी कदाचित २००५ ची असेल.

उलट निवृत्तीचे ते ४० टक्के जागेवर राहिले, तर तुमच्याकडे तेरा वर्षं आहेत. सरासरी ८ टक्के परतावा धरला, तर ही रक्कम सुमारे २.७ पट होते. ६ टक्केच धरला, तरी दुपटीच्या वर. त्यासाठी गॅरेज लागत नाही, चेन बदलावी लागत नाही. आठची खात्री मी देत नाही, कुणीच देऊ नये. पण ही रक्कम अनेक ठिकाणी विभागलेली असेल, एका पत्र्यावर अवलंबून नसेल. कर्जाबद्दल फार लिहीत नाही: वर्षाला पावणेचार टक्क्यांनी वाढलेल्या आणि स्वतः खर्च मागणाऱ्या वस्तूसाठी त्याहून महाग व्याज भरायचं, हे कुठल्याच बाजूने जुळत नाही.

मग गाडी कशी घ्यायची? महिन्याच्या शिल्लकीतून वेगळं खातं उघडा आणि त्याला गाडीचंच नाव द्या. निवृत्तीची मासिक गुंतवणूक आणि सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी आधी, मग हे खातं. माझा स्वतःचा दंडक असा आहे की राहतं घर सोडून जी मालमत्ता आहे, तिच्या ५ ते ७ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम हौसेच्या वस्तूत अडकू नये. आणि त्या रकमेतही पाऊण भाग गाडीला, पाव भाग पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीला. ती किंमत उद्या अर्धी झाली तरी घरातल्या कुणाच्या आयुष्यात काही बदलणार नाही, अशी रक्कम. हे खातं भरायला तीन वर्षं लागतील असं धरू. कदाचित त्यात ३८० एसएल बसणार नाही, त्याहून साधी गाडी बसेल. चालेल. ती चालवा. आणि घेताना लिलावापेक्षा मालकांच्या क्लबमधून, दहा-पंधरा वर्षं एकाच माणसाने सांभाळलेली, बिलांची जाड फाइल असलेली गाडी शोधा. कमिशन वाचेल, चालवून बघता येईल, आणि तिच्या खोडी सांगणारा माणूस समोर बसलेला असेल.

ही तीन वर्षं लिलाव बघणं सोडू नका. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण तुमची ही हौस सध्या जवळजवळ फुकट आहे आणि तिच्यातून तुम्हाला मिळणारा आनंद पत्राच्या ओळीओळीत दिसतो. दोन-चार वर्षांतून एकदा एखाद्या मोठ्या लिलावाच्या आदल्या दिवशीच्या प्रदर्शनाला जाण्याचा खर्च मी आनंदाने मंजूर करीन. जुन्या चामड्याचा वास, दार बंद होतानाचा तो जड आवाज, सिलखाली बोटाला लागणारा खरखरीत गंज, हे तिथेच कळतं.

आणि वहीत दोन रकाने वाढवा. एकात बोली सुरू होण्याआधी तुमचा अंदाज लिहायचा, पेनने, खाडाखोड नको. न विकल्या गेलेल्या गाड्याही टिपायच्या. दुसऱ्यात चेसिस नंबर, जुन्या नोंदींसाठीही शोधून भरायचा. तुमच्या अकरा वर्षांच्या नोंदींत एकाच चेसिस नंबरची गाडी दोनदा लिलावात आलेली असेल, अशा जोड्या नक्की सापडतील. प्रत्येक जोडीसाठी मी वर मांडला तसा हिशोब करा: आधीच्या मालकाने कमिशनसकट किती दिले, किती वर्षं सांभाळली, कमिशन वजा जाता हातात किती आले. आर१०७ च्या दहा जोड्या जमल्या की त्या आकड्यांसकट मला पुन्हा लिहा. पत्नीलाही दाखवा, पण आधी तुम्ही स्वतः बेरीज करा.