शुक्रवारचं गढूळ पाणी आणि शनिवारचं अपडेट

प्रश्न : नारायण पेठेत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज, कामाला दोन मुली. गेल्या महिन्याच्या ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ हे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी, एकीने घाईत नुसतं 'रीस्टार्ट' सोडून 'अपडेट अँड रीस्टार्ट' दाबलं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघी टक्क्यांचे आकडे बघत बसलो. तेव्हापासून भाच्याने चारही मशीनची अपडेट्स बंद करून टाकली आहेत. तो म्हणतो, "मावशी, चालतंय ना? मग हात लावू नकोस." मला मात्र धाकधूक वाटते. अपडेट घ्यायचं तर कधी? (नाव छापू नका, आमचे अशील हे मासिक वाचतात.)
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : नाव छापत नाही, ताई. भाच्याला मात्र हे पान वाचायला द्या.

'चालतंय ना, मग हात लावू नका' हे मीही एके काळी लोकांना सांगत फिरायचो. २०१७चा मार्च. मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागातल्या एका आडत्याच्या मशीनवर अपडेट सारखं डोकं वर काढत होतं. हिशेबाचं वर्ष संपत आलेलं, त्याची घाई, म्हणून मीच ते बंद करून आलो आणि एप्रिलमध्ये पुन्हा चालू करायचं साफ विसरलो. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुरक्षेतलं जे छिद्र अपडेट देऊन १४ मार्चला बुजवलं होतं, त्याच छिद्रातून १२ मेला वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. फायलींना कुलूप, आणि किल्लीसाठी खंडणी. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांनी ऑपरेशनं पुढे ढकलली. बातमी वाचून मी स्कूटरला किक मारली आणि मार्केट यार्ड गाठलं, तर गाळ्याला कुलूप. आडते कुटुंबासकट सोलापूरला लग्नाला गेलेले. मशीन तीन दिवस बंद होतं. म्हणजे ते वाचलं ते मुहूर्तामुळे, माझ्या हुशारीने नव्हे.

दुरुस्ती हाताशी येऊन तेव्हा ५९ दिवस झाले होते. भाच्याचा हिशेब चुकतो तो इथे. त्याला वाटतं, मशीन काल जसं होतं तसंच आज आहे. पण दुरुस्ती बाहेर पडली की छिद्र नेमकं कुठे होतं हे कळायला वेळ लागत नाही. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते शोधणारे लोक असतात, आणि ते सगळेच सज्जन नसतात. तुमचं मशीन बदलत नाही, त्याच्याबद्दलची माहिती मात्र गावभर होते.

आता भाच्याची बाजू. पहिल्याच दिवशी उडी मारू नये, हे त्याचं बरोबर आहे. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १०च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली उडाल्या. कंपनीने ते मागे घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. २०२१च्या मार्चमध्ये नेहमीच्या मासिक अपडेटनंतर काही प्रिंटरांना प्रिंट दिली की मशीन निळा पडदा दाखवून आडवं व्हायचं. त्यावरचा उपाय आठवड्याभरात आला.

आपल्याकडे पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने आणि गढूळ येतं. पहिल्या दोन बादल्या आपण बाथरूममध्ये ओततो, मग हंडा लावतो. गढूळ आलं म्हणून कोणी महिनाभर नळ बंद ठेवत नाही. सुरक्षा अपडेटला एवढाच धीर पुरे : चार दिवस. चार आठवडे नाहीत.

तुमच्या धंद्यात तर हे छान जमतं. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडे कंपनीच्या गावी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. तेव्हा आपला बुधवारच धरा. बुधवारी, पण ११ तारीख असेल तर रिटर्न भरून झाल्यावर, सगळ्यात बिनमहत्त्वाच्या मशीनवर अपडेट घ्या. हिशेबाचं टॅली उघडतं का, डिजिटल सहीचा टोकन जीएसटीच्या पोर्टलला ओळखू येतो का, प्रिंटर बोलतो का, एवढं बघा. बाकीची तीन मशीनं शनिवारी दुपारी, ऑफिस बंद करताना. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत येतो, म्हणून त्यानंतरचा शनिवार १२ ते १८मध्येच पडणार. जीएसटीआर-१ भरून झालेला, जीएसटीआर-३बी या पुढच्या रिटर्नची २० तारीख अजून लांब. शुक्रवारी संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. गुरुवार नकोच, देखभालीसाठी वीज जाण्याचा वारही तोच.

अपवाद एकच. एखाद्या छिद्राचा गैरफायदा आधीच घेतला जातोय अशी बातमी आली, किंवा दुरुस्ती मंगळवारची वाट न बघता मध्येच आली, तर शनिवारपर्यंत थांबू नका. २०२१च्या जुलैमध्ये प्रिंटिंगच्या सेवेतलं छिद्र बुजवायला अशीच एक दुरुस्ती आठवडाभर आधी आली होती. अशा वेळी त्याच संध्याकाळी घ्या.

महिनाअखेरीची 'प्रिव्ह्यू', म्हणजे पुढच्या महिन्याची आगाऊ चव देणारी ऐच्छिक अपडेट्स सरळ सोडून द्या. वर्षातून एकदा येणारी मोठी नवी आवृत्ती रिटर्नचा हंगाम उलटल्यावर. आणि एखादं मशीन अजून विंडोज १०वर असेल तर तेही बघा. त्याची नेहमीची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला संपली.

भाच्याने जे बंद केलंय ते आधी चालू करायला लावा. थांबायचंच असेल तर सेटिंग्जमध्ये 'पॉज'ची सोय आहे. ती एका आठवड्यासाठी वापरा, मुदत संपली की ते आपोआप पुन्हा सुरू होतं. माझ्यासारखं विसरायला जागाच नाही.

आणि त्या मुलीला रागावला असाल, तर एक सांगतो. त्या दिवसापर्यंतच्या दुरुस्त्या तुमच्या ऑफिसात खात्रीने आहेत त्या फक्त तिच्याच मशीनवर.