मे महिना, लहान पोरं आणि दारातला समुद्र

एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. परीक्षा, मार्क, क्लास मागे पडतात आणि लहान मुलांच्या आया-बाबांचे प्रश्न सुरू होतात. यावेळी तीन पत्रं घेतलीयेत. पहिल्याला उत्तर लांबलंय, कारण तो विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न: काकू, आम्ही गुहागरजवळ राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा १० महिन्यांचा. ह्यांना फक्त रविवारी सुट्टी. बालवाडी बंद झाल्यापासून मुलगी उठल्या उठल्या एकच विचारते, आज कुठे जायचं? म्हणून मागच्या रविवारी हौसेने सगळा दिवस बाहेर काढला, सकाळी हेदवी, मग वेळणेश्वर, मग जेवून परत गुहागरच्या समुद्रावर. धाकटा दुपारी जो रडायला लागला तो रात्री ९ पर्यंत, मुलगी गाडीत उलटी करून तशीच झोपली आणि घरी आल्यावर आम्ही दोघं एकमेकांवर चिडलो. बाकीचे सगळे मजेत फिरतात, फोटो टाकतात, आम्हालाच का जमत नाही?
— गुहागरची एक आई

उत्तर: अगं, जमत नाही असं काही नाहीये, तुम्ही तीन रविवारांचं फिरणं एका रविवारात उरकलंत. हेदवीचा दशभुजा गणपती आणि घरी परत, एवढी एक सकाळ तुझ्या मुलीला पुरून उरली असती. तिथली बामणघळ भरतीच्या वेळी बघायची, कपारीतून पाणी कसं उसळतं ते, पण लांबून आणि कडेवर घेऊन, त्या ओल्या खडकांवर पोरांना सोडायचं नाही.

दहा महिन्यांचं बाळ घेऊन बाहेर पडायचं तर दोन घड्याळं बघायची, एक त्याच्या झोपेचं आणि दुसरं समुद्राचं. झोपेचं तुला पाठ असेलच, दुपारची झोप घरातच झाली पाहिजे, म्हणजे ११ च्या आत घरी नाहीतर ४ नंतर बाहेर, मधल्या उन्हात तसंही काही करता येत नाही. समुद्राचं घड्याळ मात्र आपण दारात समुद्र असून बघत नाही, आणि मला त्याच्याबद्दलच जास्त सांगायचंय.

माझ्या सासऱ्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी ६ च्या आणि संध्याकाळी ६ च्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते, मग संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी पार खाली गेलेलं असतं. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हिशोब अंदाजाचा आहे, वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, पण पोरांना घेऊन कधी जायचं हे ठरवायला तो पुरतो. पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे तीन-चार दिवस संध्याकाळी जा, षष्ठी-सप्तमी-अष्टमीला सकाळी ७ ते ९ जा. कालनिर्णय भिंतीवर असतंच, त्यात तिथी बघायला अर्धा मिनिट लागतो.

एवढं का सांगतेय तर माझा मोठा ३ वर्षांचा असताना आम्ही तिथी न बघता गेलो होतो. सुरूच्या बनातून खाली उतरलो, पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, छान कोरडी होती, पाण्याच्या जवळ एक उंचवटा होता त्याच्यावर चादर अंथरली, डबा उघडला. आमचं सगळं लक्ष समोर, लाटा अजून लांब आहेत म्हणून निवांत बसलेलो. एका बाईंनी मागून हाक मारली म्हणून वळले तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या खोलगट भागात पाणी भरलेलं, माझ्या गुडघ्याच्या वर, म्हणजे पोराच्या छातीला. समुद्र समोरून आलाच नव्हता, बाजूने वळसा घालून मागे आला होता. ह्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, मी चादर तशीच सोडली आणि त्या पाण्यातून चालत आलो, खालची वाळू पायाखालून सरकत होती ते अजून तळव्यांना आठवतं. काही झालं नाही. पण त्या रात्री मी झोपले नाही, आणि तेव्हापासून भरती चढत असताना लहान मूल घेऊन मी कधी पुळणीवर गेले नाही.

तेव्हा भरती लागली की उठायचं, मग खेळ कितीही रंगात येऊ दे. मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर, पाणी घोट्यापर्यंतच असलं तरी. खाडीच्या तोंडाशी ओहोटीलासुद्धा नाही, तिथे उतरतं पाणी बाहेर ओढतं. गणपतीपुळ्याला गेलात तर देवळाला जा, किनाऱ्यावर फिरा, पण पाण्यात उतरू नका, तिथे धोक्याचे बोर्ड उगाच लावलेले नाहीत. आणि मेच्या शेवटी वारा फिरला, लाटांचा आवाज बदलला की समुद्र लांबूनच बघायचा.

आता मजेचं. ओहोटीला ओल्या वाळूवर बसकण मार आणि मुलीला बारीक खेकड्यांची भोकं शोधायला सांग. पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक असतं आणि त्याच्याभोवती मोहरी-साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, चांदणीसारख्या रांगा करून मांडलेल्या. तो खेकडा वाळू तोंडाला लावतो, त्यातलं खायचं तेवढं खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो, पुढच्या भरतीत सगळं पुसलं जातं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू. हलायचं नाही, सावली पाडायची नाही, मग दोन मिनिटांनी तो बाहेर येतो. चार वर्षांचं मूल श्वास रोखून बसलेलं बघितलंयस कधी? माझी भाची अशी पाऊण तास बसली होती, मोबाईल नाही की खाऊ नाही.

दुसऱ्या रविवारी धोपावे-दाभोळ फेरी बोटीने नुसतं पलीकडे जा आणि परत या. गाड्या बोटीत कशा चढतात, फळी कशी वर उचलतात, हे सगळं तिला एखाद्या जत्रेएवढं आहे, आणि खाडीवरच्या वाऱ्याला धाकटा झोपेल. एका रविवारी एकच ठिकाण, आणि एखादा रविवार कुठेच नाही. गाडीत उलटी होते ना, मग निघायच्या आधी भरपेट दूध देऊ नकोस, कोरडं काहीतरी दे, आणि वळणावळणाच्या घाटीत तिला समोर लांब बघायला लाव, मोबाईलमध्ये नाही.

फोटोंचं म्हणशील तर तुमचाही त्या दिवसाचा फोटो बघून कोणाला रडणं ऐकू आलं नसतं.

प्रश्न: ताई, माझं बाळ ५ महिन्यांचं आहे, दापोलीला सासरी असते. उकाडा इतका आहे की बाळ सारखं घामाने भिजतं. सासूबाई म्हणतात चमच्याने पाणी दे, शहाळ्याचं दे, आमच्या वेळी देतच होतो. डॉक्टरांनी नको सांगितलंय. रोज त्यावरून घरात शांतता बिघडते. आणि पुढच्या महिन्यात एका लग्नाला तीन तासांचा प्रवास आहे.
— नाव नको

उत्तर: डॉक्टरांचं बरोबर आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा, कारण त्या दुधात बहुतेक पाणीच असतं आणि वरून पाणी पाजलं की इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं आणि जुलाबाची भीती वाढते. उकाड्यात बाळ जास्त वेळा मागेल, तितक्या वेळा पाज आणि तू स्वतः भरपूर पाणी पी, ताक घे, पेज घे. दिवसात सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर बाळाला पुरतंय. लघवी कमी झाली, तोंड सुकलं, रडताना डोळ्यात पाणी नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडून दूध ओढेना, यातलं काहीही दिसलं तर घरी उपाय करत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या काळजीला काम दे. बाळाला दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसणं, सुती झबली, पडवीतल्या वाऱ्याला पाळणा बांधणं, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणाला येत नाही. पुढच्या डॉक्टरच्या खेपेला त्यांनाच बरोबर घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं लागतं.

सहा महिने झाले की मऊ भात, नाचणीचं सत्त्व, घोट घोट उकळलेलं पाणी, हापूसचा चमचाभर गर, सगळं हळूहळू येईल. मध मात्र १ वर्षाच्या आत बोटाला लावूनसुद्धा नाही. प्रवासाला पहाटे निघा, आणि गाडी सावलीत असो की काचा थोड्या खाली असोत, बाळाला गाडीत ठेवून कोणी दोन मिनिटांसाठीसुद्धा उतरायचं नाही. बरोबर मोठी मुलं असतील तर त्यांच्यासाठी पिशवीत ओआरएसची (जुलाब-उलट्यांत द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची) १ लिटरची पाकिटं ठेवा, पूर्ण पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायचं, अर्धं पेल्यात अर्धं उद्याला असं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून टाकायचं.

प्रश्न: नमस्कार. डोंबिवलीत राहतो, मे महिन्यात १० दिवस राजापूरजवळ गावी जातोय. मुलगा सव्वाचार वर्षांचा. दुपारी उन्हात बाहेर सोडता येत नाही आणि घरात असला की मोबाईलच लागतो. माझ्या आईला वाईट वाटतं की नातू गावी येऊन पण मान वर करत नाही. शिवाय बायकोला विंचू-सापाची भीती.
— एक चाकरमानी बाबा

उत्तर: तुमच्या आईंना वाईट वाटणं अगदी साहजिक आहे, वर्षाचे हेच १० दिवस त्यांचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगितलीय, कमी तेवढी बरी. पण नुसता मोबाईल काढून घेतला तर तो रडणार, त्याच्या हाताला काम हवं. मे महिन्यात कोकणातल्या घरात दुपारची कामं भरपूर असतात. आजीबरोबर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवा. सालं वेगळी, बिया वेगळ्या, बियांच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची आणि उन्हात टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं पाच-सात वेळा केलं की आमसुलं होतात. हात कोपरापर्यंत जांभळे-लाल होतात, तेच तर त्याला आवडेल. रोज सकाळी आमसुलं वर न्यायची आणि संध्याकाळी खाली आणायची जबाबदारी त्याची. नाहीतर आंब्याचं साठं घाला, ताटाला तूप लावून आमरस पसरायचं काम त्याला द्या. झावळीच्या पातीची पिपाणी आजोबांना येत असेल, विचारा त्यांना. फक्त करवंदं, जांभळं, काजूगर, फणसाचा गरा यातलं काही अख्खं देऊ नका, बी काढून बारीक करून आणि बसवून खायला द्या, ह्या वयात घशात अडकतं.

बायकोची भीती खोटी नाही. गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, नारळाच्या सोडणांच्या राशीत हात घालायचा नाही हे मुलाला पहिल्याच दिवशी फिरून दाखवा. चपला झटकून घालायच्या, रात्री अंगणात बॅटरी. लाल विंचू चावला तर दोरी बांधत किंवा मंत्र घालत वेळ काढू नका, लहान मुलाला घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, तडक ग्रामीण रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवल्यापासून कितीतरी मुलं वाचली आहेत, पण त्यासाठी वेळेत पोचावं लागतं. साप चावला तरी तेच, चावलेला भाग हलवू न देता सरळ दवाखाना. गावी पोचल्यावर जवळच्या रुग्णालयाचा नंबर आणि रात्री गाडी कोणाची मिळेल हे आधी विचारून ठेवा.

आणि ट्रेनमध्ये खिडकी द्या त्याला. उक्षी स्टेशन गेलं की कारबुडे बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, अंधार संपेपर्यंत आकडे मोजायला लावा. रत्नागिरीच्या पुढे पानवलचा पूल येईल, ६४ मीटर उंच, तो आला की बोगीतली सगळी माणसं खिडकीशी येतात. पाचच्या आतलं मूल आहे, त्याला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट काढावं लागेल. रात्रीची गाडी असेल तर काढाच, नाहीतर तुम्ही दोघं रात्रभर बसून याल आणि पहिला दिवस झोपण्यात जाईल. राजापूर रोड स्टेशनवरून पुढे एसटीने जाणार असाल तर तिथेही त्याला तिकीट नाही.