बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जातंय हे वेळेत कसं ओळखतात?

डोळ्यांच्या अंदाजाने नाही, मापाने. बाळ झालं की बाईच्या खाली प्लास्टिकची चादर सारतात; तिच्या टोकाला निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. 2023 साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या अभ्यासात हे माप आणि लगेच एकत्रित उपचार यांमुळे गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. अशीच पिशवी त्याआधी आपल्या बेळगावच्या खेड्यांत, मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीच्या अभ्यासात वापरली होती! 2006 साली तो प्रसिद्ध झाला: 1620 बाया; गोळीमुळे जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायांचं प्रमाण 12 वरून 6.4 टक्क्यांवर. खानापूरला माझ्या वहिनीच्या वेळी आजी कापडाच्या घड्या मोजत होत्या. तसा अंदाज बहुतेक कमीच निघतो. घरात कुणी गरोदर असेल तर दवाखान्यात आत्ताच विचारा, मापाची पिशवी ठेवता का?