वाचकांचे प्रश्न : ग्रंथ तोच, मुभा नवी

प्रश्न : सगळे धर्म शांततेच्या गोष्टी सांगतात, तरी धर्माच्या नावावर रक्त सांडतं. दोष ग्रंथाचा की संघटनेचा?

उत्तर : ग्रंथात दोन्ही प्रकारची वचनं सापडतात. कोणतं कधी बाहेर काढायचं, हे संघटना ठरवते. 1066 साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकली. काही वर्षांतच त्यांच्याच बिशपांनी विजयी सैनिकांना प्रायश्चित्त सांगितलं : ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. वार केला, पण समोरचा मेला की वाचला ठाऊक नाही, तर 40 दिवस. तिरंदाजाला तर आपल्या बाणाने किती पडले ते कळणारच नाही. त्याच्यासाठी तीन उपासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास तीनदा. हिशेब किचकट, पण लढाईतही माणूस मारणं पापच, हे पक्कं.

1095 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत पहिल्या क्रुसेडची (धर्मयुद्धाची) हाक दिली गेली. तिथे ठरलं, की मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ श्रद्धेने जो मुस्लिम सत्तेखालचं जेरुसलेम सोडवायला निघेल, त्याचा प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल. ज्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागे, तेच आता प्रायश्चित्त झालं! मधल्या काळात बायबलची एक ओळही बदललेली नव्हती.

प्रश्न : अशी मुभा दिल्यावर ती वरच्यांना आवरता येते का?

उत्तर : सहसा नाही. ती धर्मसभा बोलावणाऱ्या पोप अर्बन दुसरे यांनी जेरुसलेमकडे प्रस्थानासाठी 15 ऑगस्ट 1096 हा दिवस नेमला होता. झुंडी वसंतातच निघाल्या आणि मे महिन्यात जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यूंवर तुटून पडल्या. तसं पोपने सांगितलंच नव्हतं. पण शत्रू गाठायला इतक्या लांब जायचं, तर दाराशी असलेले का सोडायचे, असा त्यांचा हिशेब. माइंत्सच्या आर्चबिशपने ज्यूंना आपल्या वाड्यात घेतलं. जमाव आत घुसला तेव्हा तो स्वतःच पळाला आणि शेकडो मारले गेले. श्पायरच्या बिशपने मात्र अकरा खून होताच बाकीच्यांना सुरक्षित जागी हलवलं आणि काही हल्लेखोरांचे हात तोडले. शिक्षा क्रूरच, पण तिथे कत्तल पसरली नाही.

प्रश्न : मग संघटित धर्मच नको, म्हणजे प्रश्न मिटेल?

उत्तर : तेवढ्याने नाही. देव नाकारणाऱ्या सोव्हिएत राजवटीने 1937-38 या दोन वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक लोकांना गोळ्या घातल्या. त्यासाठी प्रत्येक प्रांताला माणसांचा कोटा ठरवून दिला होता, आणि अनेक प्रांतांतून तो वाढवून मागितला जात होता.